हिराबाईंचे रक्तवाले पिक्चर

हिराबाई माशांची टोपली दुकानाबाहेर सावलीत ठेवायच्या, वर ओलं गोणपाट टाकायच्या, आत येऊन माझ्या एकुलत्या एक स्टुलावर बसायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, कोरियाचा लाव. रक्तवाला." दुकानातली सभ्य गिऱ्हाइकं आधी वासाने दचकायची आणि मग मागणीने.

नवीन पनवेलमध्ये माझं डीव्हीडी भाड्याने देण्याचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. हिराबाई उरणकडच्या कोळीण. सकाळभर बिल्डिंगी पालथ्या घालून मासे विकायच्या आणि दुपारच्या एसटीपर्यंत त्यांना दोनेक तास मोकळे असायचे. एकदा ऊन टाळायला त्या आत आल्या, तेव्हा मी सुडाचा एक कोरियन सिनेमा बघत होतो. त्यांनी तो उभ्याने शेवटपर्यंत पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून हजर झाल्या. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नसत, म्हणून मी ती मराठीत वाचू लागलो. नुसतं वाचणं माझ्या स्वभावात नाही. वीस वर्षं गावच्या हौशी नाटकांत तोंड रंगवलेला माणूस मी. इन्स्पेक्टर, खुनी, त्याची म्हातारी आई, सगळ्यांचे आवाज मी एकटा काढत असे. गिऱ्हाईक आलं तर त्याला खुन्याच्याच आवाजात थांबायला सांगत असे.

हिराबाईंना खून बघताना भीती वाटत नसे, राग यायचा तो सुरी धरण्याच्या पद्धतीचा. "असा धरतात का रं? ह्याचंच बोट जाईल." कोरियन बाजारात मासे दिसले की त्या पुढे सरकायच्या आणि ताजे-शिळे सांगायच्या. हिंदी सिनेमा मात्र त्यांना चालत नसे. मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "आपला हिरो मारतो नि घरी जातो. ही माणसं मारतात, नि मग त्यांना जेवान जात नाय. ते मना खरं वाटतं."

हे त्यांना का खरं वाटत होतं, ते त्यांनी एका दुपारी मासळीचा भाव सांगावा तितक्या सरळ सांगितलं. त्यांची मुलगी सुनंदा कॉलेजातून येताना उरणच्या रस्त्यावर कंटेनरखाली गेली होती. ड्रायव्हर पळाला, पकडला गेला, साक्षीला कोणी उभं राहिलं नाही म्हणून सुटला. रोडपालीला राहत होता. नाव, बिल्डिंग, मजला, हिराबाईंना सगळं पाठ होतं. "कोर्टात त्यानं माज्याकडं बघितलंच नाय," त्या म्हणाल्या. "मना एवढंच पायजे. त्याला माजी पोर आठवते का?"

आणि मग माझ्या हातून ते झालं. नव्या आलेल्या एका सिनेमात एक आई आपल्या मुलाच्या खुन्याला खुर्चीला बांधते आणि हाच प्रश्न विचारते. खाली अक्षरं उमटली, "तुझा मुलगा? मला आठवत नाही." ते वाचायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "चूक झाली, आई. रोज त्याचा चेहरा दिसतो मला." हिराबाईंनी तेवढा तुकडा तीनदा लावायला सांगितला. तिन्ही वेळा मी तेच खोटं बोललो आणि, सांगायला लाज वाटते, दर वेळी आवाजात आणखी थोडं रडू मिसळलं. नटाला असा प्रेक्षक पुन्हा मिळत नाही.

"म्हंजे आठवतं त्यांना," हिराबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पुढच्या बुधवारी त्या आल्या, तेव्हा टोपली रिकामी होती. त्या रोडपालीला जाऊन आल्या होत्या. दार त्यानेच उघडलं. जिताडा पसंत केला, दारातच कापून द्यायला सांगितला. हिराबाई उंबऱ्याबाहेर बसल्या, खवलं काढली, आणि कोयता माशाच्या मानेवर असताना त्यांनी वर बघून विचारलं, सुनंदा आठवते का. तो म्हणाला, कोण सुनंदा?

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. त्यांच्या ते लक्षात आलं.

"कोयता हातात व्हता, भाऊ. तो वाकून मासाच बघत व्हता. मी मासा पुरा कापला. पोट साफ केलं, पिशवीत घालून दिला." मग त्यांनी विचारलं, "त्या पिक्चरमधला काय बोलला व्हता? खरं सांग."

मी खरं सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सिनेमा पुन्हा लावायला सांगितला आणि जसं आहे तसं वाच म्हणाल्या. मी कुणाचाही आवाज न काढता, शाळेतल्या धड्यासारखं वाचलं. पडद्यावरच्या आईने त्याला मारलं आणि भाताचा वाडगा पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. हिराबाई म्हणाल्या, "मेला. पन आठवल्याबिगर मेला." आणि टोपली उचलून चालत्या झाल्या.

दर बुधवारी त्या रोडपालीला जातात, असं दुसऱ्या एका मासेवालीकडून कळलं. तो कोयता माझ्याच दुकानातून तिथे पोचला होता, असं मला सारखं वाटे. शेवटी एका बुधवारी दुकान बंद ठेवून मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि त्या बिल्डिंगच्या जिन्यात, वरची दारं दिसतील असा खाली उभा राहिलो.

वर हिराबाईंनी आरोळी दिली. मासळीचं नाव नाही, भाव नाही. "सुनंदाची आई आलीऽऽ."

दारं उघडत गेली. बायका ताटल्या घेऊन आल्या. त्यांच्या लेखी हे मासेवालीचं नाव होतं, दुसरं काही नाही. कोणी म्हणालं, सुनंदाची आई, आज बोंबील आहेत का? कोणी म्हणालं, सुनंदाच्या आई, मागच्या वेळची कोलंबी छान निघाली. हिराबाई सगळ्यांशी हसून बोलत होत्या.

एक दार तेवढं बंद होतं. मग त्या दाराआडून एका लहान मुलीचा आनंदी आवाज आला.

"पप्पा, सुनंदाची आई आली."