दाताखालचा तांदूळ

माझ्या साडभाऊंनी आयुष्यात एखादी गोष्ट हळू आवाजात सांगितली असेल, तर ती ऐकलेला माणूस अजून मला भेटलेला नाही. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही एकमेकांचे साडभाऊ. नातं जुनं, प्रेमाचं. पण त्यांच्यासोबत चारचौघांत जायचं म्हटलं की आजही मी आधी मागची खुर्ची शोधतो. लग्नाच्या मांडवात ते माइक हाती घेतात, नवरा-नवरीला भरभरून आशीर्वाद देतात आणि त्याच दमात सांगतात, "भाजीत मीठ कमी हाये, वाढनाऱ्यायनं मीठ घेऊन फिरावं." माझ्या बँकेतल्या निरोप समारंभात त्यांनी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. उभे राहून म्हणाले, "आमचे साडभाऊ कामात लय ढिले हायेत. मी सोता पाह्यलं. पन लबाड नाईत." सगळी बँक हसली. गळ्यात हार असला की मान खाली घालता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. घरी येताना माझी शाल आणि नारळ त्यांनीच सांभाळून आणला आणि वाटेत मलाच समजावलं, "भर सभेत म्हनलो ना, लबाड नाईत म्हून? आता कोनाची हिंमत नाई तुमच्याकडं बोट दाखवाची."

हा सगळा स्वभाव त्यांच्या नोकरीतून आला. वाशिमकडच्या एका बाजार समितीत धान्याची प्रत ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. सोयाबीन, तूर, हरभरा, गहू, जे येईल त्याच्या ढिगात हात घालायचा, मूठभर माल तळव्यावर घ्यायचा, फुंकर मारायची आणि एक दाणा उजव्या दाढेखाली धरून डोळे मिटायचे. यंत्र पुढं आलं, पण लोकांचा भरवसा दाढेवरच होता. "सुकला दाना बोलते, वला दाना मुका राह्यते," असं ते म्हणत. दाणा 'कट्ट' बोलला की माल पास. नाही बोलला, तर साडभाऊ ढिगावर उभे राहून सगळ्या आवाराला ऐकू जाईल असे ओरडत, "वलावा हाये!" आमच्याकडं लिलावाला हर्रास म्हणतात, आणि हर्रासात दोष ओरडूनच सांगायचा असतो. कारण मालाजवळ वाकून कोणी कोणाच्या कानात काही बोललं, की आजूबाजूचे ओळखतात, इथं काहीतरी शिजतंय. शिरपूर जैनचे एक बुजुर्ग व्यापारी त्यांना नेहमी म्हणायचे, "भाऊ, माझ्या मालाले नावं ठेवा, शिव्या द्या, पन जे सांगाचं ते जोरानं सांगा. कानात सांगाल तं माही इज्जत जाईन." साडभाऊंनी हे असं घट्ट धरून ठेवलं, की घरी आमटी पातळ झाली तरी ते शेजारी ऐकतील असंच सांगत.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी प्रज्ञा थायलंडला गेली. तिथं उत्तरेकडच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवू लागली, आणि दोन वर्षांनी तिनं फोनवर सांगितलं की त्याच शाळेतल्या आनोन नावाच्या शिक्षकाशी तिला लग्न करायचंय. नात्यातल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला, पण साडभाऊ खूश. "आनोन म्हंजे आपला आनंद. बुद्धाच्या देशातला पोट्टा हाये, घरात आपल्यासारखीच मूर्ती हाये, अजून काय पाह्यजे?" बोलणी करायला ते, प्रज्ञाची आई आणि मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून मी, असे तिघं निघालो. विमान सुटायच्या आधीपासून प्रज्ञा फोनवर बजावत होती, "बाबा, इथं लोकांसमोर कोणाची चूक काढायची नाही. कोणाचा चेहरा पडू द्यायचा नाही. आवडलं नाही तर हसायचं." साडभाऊंनी कबूल केलं. मी मात्र अख्ख्या प्रवासात डोळा मिटला नाही.

दोन दिवस ते खरोखरच हसले. आनोनचे वडील भाताचे शेतकरी, स्वतःची छोटी गिरणी, गावात मोठा मान. बारीक अंगाचा, दोन्ही हात जोडून वाकणारा गृहस्थ. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी जेवण ठेवलं. गावातले सात-आठ वडीलधारे चटईवर बसले होते. जेवण झालं की त्यांच्यासमोर लग्नाचा महिना ठरायचा होता. आधी आनोनच्या वडिलांनी आतून एक चांदीचं भांडं आणलं. त्यात गिरणीतून नुकताच निघालेला यंदाचा तांदूळ होता. त्यांनी ते दोन्ही हातांनी साडभाऊंपुढं धरलं.

साडभाऊंचा हात भांड्यात गेला. त्यांनी तांदूळ तळव्यावर घेतला, फुंकर मारली, दाणा उजव्या दाढेखाली ठेवला आणि डोळे मिटले. मी मनातल्या मनात दाण्याला विनवत होतो, बोल बाबा, बोल. दाणा बोलला नाही.

"वलावा हाये," साडभाऊ म्हणाले. प्रज्ञानं हसून थाई भाषेत दुसरंच काहीतरी सांगितलं. ते साडभाऊंच्या लक्षात आलं. आपलं म्हणणं पोचलं नाही, ही गोष्ट त्यांना कधीच सहन झालेली नाही. ते उठून उभे राहिले, मूठ सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर फिरवली आणि मोठ्यानं म्हणाले, "वॉटर! टू मच वॉटर! नो स्टोअर! बुरशी!" बुरशीला इंग्रजीत काय म्हणतात म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

आनोनचे वडील हसले. सगळे वडीलधारे हसले. "माय पेन राय," यजमान हळूच म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही. भांडं आत गेलं. जेवण झालं, फळं आली, मग आणखी फळं आली. लग्नाच्या महिन्याचा विषय मात्र कोणी काढला नाही. निघताना साडभाऊ मला म्हणाले, "मानूस दिलदार हाये. दुसरा असता तं भांडला असता."

परतीच्या बसमध्ये प्रज्ञा खिडकीकडं तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "बाबा, माय पेन राय चार प्रकारचं असतं. पहिलं, खरंच काही झालं नाही. दुसरं, थोडं लागलं, पण विसरून जाऊ. तिसरं, लागलंय, पण तुम्ही पाहुणे आहात. आणि चौथं, इतकं लागलंय की बोलताच येत नाही."

"मंग हे कोनतं होतं?"

"चौथं."

"पन मी चूक कुठं काढली? फक्त वलावा सांगतला!" ते अगदी मनापासून म्हणाले. प्रज्ञाच्या आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. तिकडून नकार येईना, होकार येईना. आनोन वडिलांना विचारायचा, ते हसून म्हणायचे, पाहू. पंधरा दिवस झाले, महिना झाला, दुसरा महिना निघाला. आमच्याकडं ज्याला नकार द्यायचा असतो तो दारातच देतो, चहासुद्धा घेत नाही. साडभाऊंना ही शांतता सोसेना. "नाई म्हना ना, बाप्पा! नाई म्हनाले काय जाते?" असं ते ओसरीवर येरझारा घालत भिंतीला विचारायचे. एक दिवस सकाळीच माझ्याकडं आले. "साडभाऊ, बॅग भरा. मी तिथं जातो, त्याच सगळ्या बुढ्यायले बोलावतो आन सगळ्यायसमोर हात जोडून माफी मांगतो." मी घाबरून प्रज्ञाला फोन लावला. ती रडवेली झाली. "नको बाबा! माफी मागाल तर सगळ्यांसमोर पुन्हा तीच गोष्ट निघेल. काही बोलू नका. काहीच."

जोरानं बोलण्यापलीकडं या माणसाकडं दुसरा उपाय नव्हता, आणि तोच बंद झाला. ते बाजारात जायचे, सवयीनं ढिगात हात घालायचे आणि न बोलता हात झटकून पुढं निघायचे. लोक मला विचारत, "भाऊची तब्येत बरी नाई काय?" जन्मभर मी त्यांच्या बोलण्याला भ्यालो, आणि आता त्यांच्या गप्प राहण्यानं माझी झोप उडाली. एकदा घास तसाच हातात धरून ते म्हणाले, "माह्यावाल्या तोंडानं पोट्टीचं घर मोडलं काय हो?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रज्ञा आली. बॅगेतून तिनं कापडी पिशवी काढली. त्यात तांदूळ होता. आनोनच्या वडिलांनी दिलेला. निरोप काही नाही. साडभाऊंनी एक दाणा दाढेखाली धरला. आम्ही सगळे भोवती उभे. 'कट्ट' आवाज दारापर्यंत आला. "सुकवला," ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला ते पुन्हा विचारावं लागलं. त्या माणसानं अख्खा माल पुन्हा वाळवला होता आणि तोंडानं एक शब्द न बोलता तो आमच्या घरी पाठवला होता.

दुपारी त्या तांदळाचा भात झाला, वर प्रज्ञाच्या आईचं वरण. बरोबर त्याच वेळी व्हिडिओ फोन आला. पडद्यावर आनोनचे वडील, मागं तेच सगळे वडीलधारे ओळीनं. तांदूळ कसा आहे, असं त्यांनी हसत विचारलं. फोन प्रज्ञानं बापासमोर धरला होता. साडभाऊंनी मोठा घास घेतला.

मी शेजारीच बसलो होतो. मला पुन्हा 'कट्ट' ऐकू आलं. हा आवाज मात्र दाण्याचा नव्हता. भातात खडा होता. तांदळातला होता की आमच्या डाळीतला, देव जाणे. साडभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हे घास बाहेर काढणार, खडा बोटावर धरून फोनसमोर नाचवणार, अशी माझी खात्रीच झाली आणि मी ताट घट्ट धरलं. प्रज्ञानंही ते पाहिलं होतं. साडभाऊंनी एकदा मुलीकडं पाहिलं, खडा तसाच गिळला, आणि हसले. "लय गोड हाये," ते म्हणाले. "लय म्हंजे लयच." पलीकडं वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि आनोनच्या वडिलांनी आपणहून लग्नाच्या महिन्याचा विषय काढला.

ती उजवी दाढ अर्धी तुटली. आता बाजारात कोणी मूठभर माल पुढं केला, तर ते वास घेतात, तळव्यावर फिरवतात आणि परत देतात. "तुमाले काय वाटते?" असं विचारतात. लोकांना हे विचित्र वाटतं.

सुट्टी संपली, प्रज्ञा निघाली. नागपूरच्या बसमध्ये तिचं सामान साडभाऊंनीच चढवलं. बस हलायच्या आधी तिनं खिडकीतून त्यांचा हात धरला. "बाबा, मी तिकडंच राहणार आता. इतक्या दूर. तुम्हाला चालेल ना? खरं सांगा."

भर स्टँडवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात ते हसत म्हणाले, "माय पेन राय!"

बस गेली. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. चारांपैकी हे कोणतं होतं, ते मी त्यांना विचारलं नाही.