तारापूरची तपासणी आणि गावची विहीर

लातूर जिल्हा झाला, त्या सालची गोष्ट. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. किल्लारीजवळच्या आमच्या गावात नरसिंगमामा तारापूरच्या अणुवीज केंद्रातली नोकरी सोडून परतले होते. बौद्धवाड्यातला हा माणूस तिथं परदेशी तपासनीसांबरोबर फिरून इंधनाच्या नळ्या मोजून दाखवायचा. बायको तिकडेच वारली, मूलबाळ नाही. दिवसभर घर खायला उठायचं, म्हणून संध्याकाळी पारावर यायचे. तेवढाच त्यांचा गोतावळा.

पारावर पेपर वाचायचा मान माजी सरपंच व्यंकटरावांचा. पण तारापूरची बातमी आली की ते पेपर मामांकडे सरकवायचे. मामांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होई.

एकदा बातमी आली : अमेरिकेनं तारापूरचं इंधन अडवलं, आता फ्रान्स देईल, पण अणुभट्टीवर परक्यांची तपासणी राहील. व्यंकटराव तापले. "ज्यांच्याकडं बाँबचे ढीग हायत त्यांना कोन इचारत न्हाई, अन् आपली वीज मोजाया येतेत!"

मामांना वाटलं, मित्राला दुजोरा द्यावा.

"लई बराबर बोललात, मालक. तपासणीचं दुख न्हाई, म्या सोता मोजून दिलंय. पर सगळ्यांची करा की! आता आपल्या विहिरीचंच बघा. टँकरचं पानी पडलं की आमच्या वाड्याच्या घागरी मोजत्यात. तुमच्या कोन मोजतंय?"

घागरी मोजायला माणूस बसवला होता व्यंकटरावांनीच. आमच्या गावाला अमेरिकेचा अन्याय लांबून स्पष्ट दिसतो, विहीर मात्र जवळ असून दिसत नाही. व्यंकटरावांनी पेपराची घडी घातली आणि उठले. मागोमाग सगळे उठले. मी शाळामास्तर, मला मामांचं पटलं होतं. पण माझ्या घागरी कुणी मोजत नव्हतं. मीही उठलो.

त्यानंतर पेपर व्यंकटरावांच्या ओसरीवर वाचला जाऊ लागला. मामा दोन-चार दिवस रिकाम्या पारावर बसले, मग तेही बंद झालं.

पंधरा दिवसांनी लाज गिळून मी त्यांच्या घरी गेलो. आत बोलणं चाललेलं. वाटलं, बरं झालं, कुणीतरी आलंय. डोकावलो तर मामा एकटेच, समोर जुना पेपर. म्हणत होते, "आता तुमी बोला, मालक."

मग व्यंकटरावांसारखा आवाज जड करून स्वतःच म्हणाले, "तुजं खरं हाय, नरसिंग. उद्या ये पारावर."

मी तसाच मागे फिरलो.