चेन असलेली कोपी

वडवणीत आमच्या गल्लीतल्या सुंदरबाईंनी वीस हंगाम ऊस तोडला. म्हणजे वर्षातले सहा महिने कारखान्याच्या माळावर, पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत काढले. पुढे नवरा गेला. मुलगा अभिमन्यू नर्सिंग शिकून वेल्समधल्या एका दवाखान्यात लागला आणि त्यानं इथं पक्कं घर बांधलं. स्लॅब भरला त्या दिवशी सुंदरबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "आता मरेस्तोर कोपीत पाठ टेकायची न्हाई." मी तिथंच उभी होते.

मागच्या उन्हाळ्यात त्या दोन महिने मुलाकडे राहून आल्या. परतल्यावर आमच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या आणि तिकडच्या एका दिवसाची हकिगत सांगितली.

अभिमन्यूला दोन दिवसांची सुट्टी मिळाली होती. तिकडे समुद्राच्या कडेकडेनं शेकडो मैल पायवाट गेली आहे. त्यातला एका दिवसाचा टप्पा आईला चालवायचा असं त्यानं ठरवलं. सकाळी बसनं उतरले आणि निघाले. त्याच्या पाठीवर भली मोठी सॅक, सुंदरबाईंच्या पायात त्यानंच घेतलेले बूट, अंगावर लुगडं, पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सवयीनं घेतलेलं उलथनं.

वाट कड्यावरून. खाली समुद्र, वर मेंढरं, मध्ये मध्ये लाकडी फाटकं. सुंदरबाई पुढं आणि लेक धापा टाकत मागं.

"माय, जरा दम घे की."

"कावून? आजून काय केलंय? मोळी वाहायची आसती तर?"

समोरून पिकल्या केसांचं एक जोडपं आलं, दोघांच्या पाठीवर ओझं. सुंदरबाई त्यांना राम राम घालून लेकाला म्हणाल्या, "ह्यो कोयता कोन्या कारखान्याला चाललाय? मुकादम कोन यांचा?" ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात.

"मुकादम नाही, माय. हौसेनं चाललेत. महिनाभर असेच चालणार, रोज तंबूत झोपणार."

"घर न्हाई का त्यांना?"

"आहे की. मोठं असेल."

सुंदरबाईंना ते काही पटलं नाही.

चारच्या सुमाराला ते एका शेतात पोचले. तिथं रात्रीपुरती जागा भाड्यानं मिळते. अभिमन्यूनं सॅकमधून काड्या आणि कापड काढलं, तेव्हा कुठं सुंदरबाईंच्या ध्यानात आलं.

"ही तर कोपी हाय, अभ्या."

"तंबू आहे, माय."

"मी न्हाई झोपायची हिच्यात. तुला ठावं हाय."

त्याला ठाऊक होतं, पण स्लॅब भरल्याच्या दिवशी माणूस काहीबाही बोलतं, असं त्याला वाटलं होतं. परतीची बस गेली होती. तो काड्या जोडत राहिला. तोंड उतरलं होतं. सुंदरबाई एका दगडावर बसून बघत होत्या. लेकानं तंबू खोलगट जागी मांडला, दार वाऱ्याच्या तोंडाला. त्यांना राहवेना. पिशवीतलं उलथनं काढून त्या तंबूभोवती पाण्यासाठी चर खोदायला लागल्या. वीतभर खोदला नाही तोच शेताची मालकीण धावत आली. गवत उकरायचं नाही, म्हणाली. मग सुंदरबाईंनी ढेकळं परत बसवली, हातानं थापटली, आणि लेकाला अख्खा तंबू उचलायला लावून उंचवट्यावर मांडला, दार वाऱ्याला पाठमोरं करून.

"एवढं सगळं करतीस, मग झोपायला काय होतंय?" तो शेवटी म्हणाला.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं. "कोपीला दार आसतंय का? गोणपाट लटकावायचं. तुझा बाप रातच्या तीनला गाडी घिऊन कारखान्यावर जायचा. मी कोयता घिऊन त्या गोणपाटापशी बसायची, तू मांडीवर. हंगामभर धड झोप न्हाई."

अभिमन्यू तंबूत शिरला. मग म्हणाला, "माय, आत ये बरं." आणि दाराची चेन ओढून दाखवली.

"आतून लागती?"

"आतून."

त्यांनी ती स्वतः लावली, उघडली, पुन्हा लावली. "आन बाहेरून कुनी वढली तर?"

त्यानं सॅकचं बोटाएवढं कुलूप काढलं आणि चेनीच्या दोन्ही टोकांत अडकवलं. किल्ली त्यांनी कनवटीला खोचली. नऊ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड होता. धपाटे खाऊन सुंदरबाई आडव्या झाल्या.

"मग लागली का झोप?" मी विचारलं.

"आठला जाग आली, बाई. ऊन तापलेलं. आन अभ्या पाय आखडून कोपऱ्यात बसलेला. कवाधरनं बाहेर जायचं हुतं त्याला. किल्ली माज्याकडं." त्यांनी मूठभर शेंगा पुढं ओढल्या. "तरी उठवलं न्हाई बघा पोरानं."