एका मिनिटासाठी जगाशी भांडलेले आमचे साडू

आमच्या साडूंइतका सबुरीचा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात नाही, आणि जिल्ह्याबाहेर कुठे असलाच तर त्याची वाट बघायला साडू तयार आहेत. चार दिवसांआड आलेल्या नळाला ते "वेळेवर आला" म्हणतात. एकदा हॉटेलात त्यांनी भाकरी मागवली, मी तेवढ्यात टेंभुर्णीला जाऊन आलो, तरी हे वेटरला सांगत होते, "सावकाश. नीट भाजू द्या." असल्या माणसाला भांडण जमणारच नाही, असं मी पैजेवर सांगायचो. मग ते थेट जगाशी भांडले.

साडू कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. निवृत्तीनंतर हौसेनं त्यांनी सोलापूरपासून कुर्डुवाडीपर्यंत पंचवीसेक शाळांना वेबसाइट लावून दिल्या: नाव टाका, जुन्या रजिस्टरातली जन्मतारीख बघा. शाळेचा म्हातारा कॉम्प्युटर शोधायला चाळीस सेकंद घेतो. त्याच्या पुढे बसलेला प्रॉक्सी, म्हणजे निरोप नेणारा-आणणारा मधला प्रोग्राम, मिनिटभर थांबतो आणि उत्तर आणून देतो. हा प्रॉक्सी जगभरचे लोक मिळून फुकटात बनवतात. त्यांच्यात प्रस्ताव आला, की सेटिंग कुणी बदललेलं नसेल तिथं प्रॉक्सीनं आपोआप दहाच सेकंद थांबावं, नंतर 'मिळालं नाही' म्हणून मोकळं व्हावं.

"तुमच्यापुरतं बदलून घ्या की," मी म्हणालो.

"पंचवीस शाळांचे पासवर्ड मी पंचवीस हेडमास्तरांना तोंडी सांगितले होते, साडूभाऊ. सगळे रिटायर झाले. आणि सेटिंगला कधी हातच न लावलेली माणसं जगात काय कमी आहेत?"

तीन महिने वाद चालला. पुण्याच्या एक इंजिनिअरबाई विचारायच्या, "आजकाल दहा सेकंद तरी कोण थांबतं?" जर्मनीहून एक गृहस्थ वाचणाऱ्या वेळाचे आलेख पाठवायचे. साडूंचं उत्तर एकच, ते त्यांनी कमीत कमी दोनशे वेळा 'आदरणीय' लावून पाठवलं: "मागची मशीन मेलेली नाही, शोधतेय."

शेवटच्या व्हिडिओ बैठकीत साडूंनी कॅमेरा एका शाळेच्या ऑफिसातच लावला; मीही शेजारी होतो. समोर विड्या वळणारी एक आजी. पेन्शनसाठी तिला जन्मतारीख हवी होती. नाव टाकलं. दहा सेकंद झाले तसे साडू म्हणाले, "इथं तुमच्या प्रॉक्सीनं आजीला घरी पाठवलं." आजी मात्र सुरू झाली, "चौथीपातूर होते की मी. बाई लई मारक्या. एकदा माझी पाटी फोडली, अन् मंग सोताच रडत बसल्या." पुण्याच्या बाई हे इतरांना इंग्रजीत सांगू लागल्या. जर्मनी डोळे पुसत होता. चाळिसाव्या सेकंदाला नाव उमटलं.

"अगं बया! हाय की मी!" आजी ओरडली.

"सर," पुण्याच्या बाई म्हणाल्या, "मिनिटच राहू द्या."

प्रस्ताव पडला! शाल कुठली, मी साडूंना तिथंच सोलापुरी डबलबेड चादर पांघरली आणि आनंदाच्या भरात शाळेची घंटा बडवली. चारशे पोरं दप्तरं उचलून घरी गेली.

पुढे कुणीतरी कौतुकानं त्या शाळेला नवा कॉम्प्युटर दिला. बाकीच्या शाळा अजून साडूंनी राखलेल्या मिनिटावर चालतात. इथं मात्र नाव टाकलं की लगेच तारीख. माणसं कागद घेतात आणि निघून जातात. परवा मी साडूंबरोबर तिथं गेलो तेव्हा एक आजोबा आले होते. साडूंनी नाव टाइप केलं, एंटरवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"आजोबा," त्यांनी खुर्ची पुढे ओढत विचारलं, "तुम्हाला मास्तर कोण होते हो?"