वाईनच्या बागेतली विरळणी

लेकीचं लग्न ठरत आलेलं. मुलाकडचे ठाण्याच्या वर्तकनगरचे, सगळे शिकलेले. दोन्ही घरांनी एकदा मिळून फिरून येऊ, असं त्यांनीच सुचवलं आणि नाशिकला वाईनची बाग बघायला जायचं ठरलं. डोंबिवलीहून निघताना लेकीने मला बजावलं, तिथे तुझ्या मजुरीचं काही काढू नकोस. मी नाशिककडचीच. चौथीनंतर शाळा सुटली ती द्राक्षाच्या बागांत कामाला जायला लागले म्हणून. मला तसंही चारचौघांत बोलता येत नाही. गप्प राहणं काय अवघड, असं वाटलं.

बाग दाखवणारी मुलगी एका ओळीपाशी थांबली. ही जात आपल्याकडे फारसं कुणी लावत नाही, म्हणाली. नाव तिने दोनदा सांगितलं, माझ्या तोंडात बसलं नाही. घड हिरवे होते, मणी एकमेकांना खेटलेले. आम्ही असे मधले मणी काढून घड मोकळा करायचो, म्हणजे उरलेले फुगतात. इथे विरळणी राहूनच गेली, मजूर मिळाले नसतील, असं मनात आलं. ती बोलत होती आणि माझी नखं मणी खुडत होती. कधी सुरू झालं मलाच कळलं नाही. पायाशी सडा पडला तेव्हा तिने हळूच माझा हात धरला. वाईनला मणी बारीकच लागतात, म्हणाली. आमच्याकडे व्यापाऱ्याने असा घड हातातसुद्धा घेतला नसता.

विहीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला हे काम येतं?"

लेक मध्येच म्हणाली, "आईच्या माहेरी बाग होती."

"हो? किती मोठी?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. पुढचं खोटं मला सुचेना.

"बाग आमची नव्हती," मी म्हटलं. "मी मजुरीला जायचे."

मग त्या मुलीने आम्हाला वाईनची चव घ्यायला बसवलं. जांभळाची बी चावल्यासारखं तोंड तुरट झालं. चांगली आहे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला, रविवारी साड्या बघायला ठाण्याला या. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "तूच जा." तीन दिवस ती माझ्याशी नीट बोललेली नाही. लग्न मोडलं नाही, मग राग कसला? तिला खोटं पाडलं त्याचा, की मजुरी केली त्याचा? विचारायचं धाडस होत नाही. रविवारी एकटी गेले तर विहीणबाई विचारतील, लेक कुठे? तेव्हा खरं सांगायचं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.