बालाजीला घातलेली अट

वर्षभर पोटाच्या उजव्या बाजूला दुखत होते आणि मी ते अंगावर काढत होते. चाळिशीच्या बिनलग्नाच्या बाईने सोनोग्राफीच्या बाकावर गरोदर बायकांमध्ये बसायचे, या कल्पनेनेच जीव जायचा. शेवटी जायचे ठरवले, तेव्हा देऊळगाव राजाच्या बालाजीला सांगून टाकले, 'रिपोर्ट चांगला येईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही.' देवाला कोंडीत पकडायची माझी जुनी खोड.

माझे लग्न झालेले नसल्यामुळे तपासणी आतून न करता पोटावरूनच होणार होती आणि त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली लागते. चिठ्ठीवर तसे लिहिले होते, मी वाचलेही होते. तरी कोरड्या घशाने गेले. डॉक्टरांनी गार जेल लावून यंत्र फिरवले. "पिशवी रिकामी आहे, नीट काहीच दिसत नाही. पाणी पिऊन या," म्हणाले. ते आठवड्यातून एकदाच येत आणि दोन वाजता निघत. मला मात्र सुटल्यासारखे झाले. काही दिसले नाही म्हणजे काही नाहीच, देवाने कौल दिला, असे ठरवून मी चपला घातल्या.

बाकावर सुनेला घेऊन आलेली एक म्हातारी रिपोर्टची वाट पाहत बसली होती. तिने विचारले म्हणून मी माझा नेम सांगितला. तिने माझा हातच धरला.

"पाणी काऊन पेत नाही वं माय? बालाजी का तुह्या घशावर पहारा देऊन राह्यला?"

मला राग आला. पण तिने हात सोडला नाही. आपल्या बाटलीतले पाणी पाजले, संपल्यावर पुन्हा भरून आणली. दोन वाजता डॉक्टर निघाले, तर दारात आडवी उभी राहिली. "हिचं पोट पाह्यल्याबिगर जाऊ नका, साहेब."

या वेळी पडद्यावर उजव्या अंडाशयाची गाठ दिसली. ऑपरेशनमध्ये गर्भपिशवीसकट सगळे काढले. गाठ कर्करोगाची निघाली. केस गेले, सलाईनमधली औषधे अजून चालू आहेत. बरी होईन असे कोणी छातीठोक सांगत नाही. मला फार भीती वाटते.

पुढे मी त्या म्हातारीची चौकशी केली, तेव्हा तिथल्या सिस्टरने सांगितले. त्या दिवशी माझ्या आधी तिची सून आत गेली होती आणि पोटातल्या बाळाचे ठोके मिळाले नव्हते. ते ऐकून बाहेर आलेली बाई मला पाणी पाजत बसली होती.

तेव्हापासून बालाजीला अट घालायला माझी जीभ रेटत नाही. 'तुझ्या मनात असेल ते होऊ दे,' एवढे म्हणते आणि त्या दोघींसाठी मागते. नावे ठाऊक नाहीत. 'ती म्हातारी आणि तिची सून' म्हणते. त्याला तेवढे पुरत असावे.