बूट काढण्याची जागा

धनाजी बाळाराम भोईर. वय एकेचाळीस. व्यवसाय: मालवाहू जहाजावर स्वयंपाक. वर्ग: प्रकल्पग्रस्त, पुनर्वसित. मूळ गाव: तातडीच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी संपादित. सध्याचा पत्ता: उरणजवळचा एक भूखंड. घराबाबत तक्रार: निरंक.

चौऱ्याण्णव साली त्याचं जहाज मेक्सिकोच्या एका बंदरात अडकून पडलं. इंजिनाचा एक भाग यायचा होता आणि तो काही येत नव्हता. बाकीची मंडळी तिथल्या गुत्त्यांचा अभ्यास करायला गेली. धनाजी पीत नसे, म्हणून जहाज कंपनीच्या तिथल्या एजंटाचा ड्रायव्हर त्याला डोंगरावरचं जुनं गाव दाखवायला घेऊन गेला. झापोतेक नावाच्या लोकांचं गाव. शेकडो वर्षांपूर्वी ते उठून गेले, म्हणे.

वाट निवडुंगातून चढत होती. वर देवळांचे दगडी चौथरे होते आणि ड्रायव्हर त्यांच्याविषयी हातवारे करून पुष्कळ बोलला. धनाजी मात्र उतारावर गेला, जिथे साध्या माणसांची घरं होती. घरं म्हणजे गुडघाभर भिंती. पण एका घराची दाराची जागा शाबूत होती, आत कोपऱ्यात चुलीसारखे तीन दगड आणि उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला.

धनाजीने बूट काढले आणि मग आत गेला.

खडा गेला का, असं ड्रायव्हरने खुणेने विचारलं. लोकाच्या घरात बूट घालून जात नाहीत, हे खुणेने सांगणं धनाजीला जमलं नाही. तो चुलीपाशी उकिडवा बसून राहिला. त्याचं गाव उठलं तेव्हा तो असाच कुठल्याशा समुद्रावर भात शिजवत होता. परतला तेव्हा गाव नव्हतं, कुंपण होतं.

घरी आल्यावर त्याने हे सगळं आईला सांगितलं. वेणूबाईने डोंगर, देवळं आणि मेक्सिको बाजूला सारून चुलीचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेवढं विचारलं. मग सुपातली सुकट पाखडता पाखडता म्हणाली, "ते लोक तुला घरान जाऊ देतान. आपल्या घरान आपल्याला कवा जाऊ देतीन रं?"

धनाजीची एक ओळख होती. गावाच्या जागेवर आता कंटेनरचं यार्ड होतं आणि तिथे बाजीराव नावाचा क्लार्क त्याच्या माहितीतला. आईला घराच्या जागेवर न्यायचंय म्हटल्यावर, खोदकाम करायचंय का, असं बाजीरावने विचारलं. तो विनोद होता. पुष्कळ चहा झाल्यावर एका रविवारचा पास मिळाला.

वेणूबाई नवं लुगडं नेसून, हळदकुंकवाची पुडी घेऊन आली. कुंपणाबाहेर गावातली चिंच तेवढी उरली होती. तिच्याकडे एकदा बघून घेऊन म्हातारी सरळ चालू लागली. मध्येच डांबरावर जरा थबकली, "हितं बाव व्हती" म्हणाली आणि नसलेल्या विहिरीला वळसा घालून पुढे गेली. एका कंटेनरसमोर थांबून तिने चपला काढल्या.

वॉचमन धावत आला. आजी, चप्पल घाला, पाय भाजतील.

"घर हाय माजा," वेणूबाई म्हणाली.

वॉचमनने धनाजीकडे पाहिलं. धनाजी वाकून बुटाच्या नाड्या सोडत होता. काहीतरी केलं पाहिजे म्हणून वॉचमनने कंटेनरवर काठी आपटली. आतून पोकळ आवाज आला.

तो कंटेनर दोन वर्षांपासून रिकामाच उभा होता.